नोकरीचे पत्र आणि कायम वास्तव्य

प्रश्न : माझी मुलगी कॅनडातील कॉलेजात दोन वर्षांची पदविका पूर्ण करीत आहे, स्टडी परमिटसाठी तिने 2023 मध्ये अर्ज केला होता. नोकरीचे पत्र मिळाल्यास कायम वास्तव्यासाठी तिला 50 गुण मिळतील का?

उत्तर : नाही. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या पद्धतीत, नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे 50 किंवा 200 गुण 25 मार्च 2025 पासून बंद झाले आहेत. त्यामुळे असे पत्र मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर कृपया एक पैसाही देऊ नका.

तिने आधी शिक्षणोत्तर वर्क परमिटकडे, म्हणजे शिक्षण संपल्यावर कॅनडात काम करण्याच्या परवान्याकडे, लक्ष द्यावे. 1 नोव्हेंबर 2024 पासून कॉलेजच्या पदविकांना विषयाची अट (ठरावीक विषयांतल्या पदविकांनाच हा परवाना) लागू झाली असली, तरी त्यापूर्वी स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्यांना त्या अटीतून सूट आहे. भाषेची चाचणी मात्र तिलाही द्यावी लागेल, आणि पदविकेच्या निकालानंतर 180 दिवसांच्या आत या परमिटसाठी अर्ज करावा लागेल. पुढे कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लाससाठी, म्हणजे कॅनडातील कामाच्या अनुभवावर कायम वास्तव्य देणाऱ्या एक्सप्रेस एन्ट्रीतील योजनेसाठी, किमान एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो, आणि त्यात पूर्णवेळ शिकत असताना केलेले काम धरले जात नाही. रात्रपाळ्या करून थकलेल्या मुलांना हे फार उशिरा कळते, याचे मनापासून वाईट वाटते. फ्रेंच शिकण्याची तयारी असेल, तर तिने आजच सुरुवात करावी, कारण फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी एक्सप्रेस एन्ट्रीत निवडीच्या स्वतंत्र फेऱ्या होतात.