वाचकांचे प्रश्न: मोटरहोम घ्यायचं की ट्रेलर?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं (६ आणि ३ वर्षं) आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून सासूसासरे येतात ते तीनचार महिने असतात. त्यांना यलोस्टोन, ग्लेशियर ही नॅशनल पार्क्स सगळी दाखवायचीत, पण सासूबाईंना डायबेटिस आहे, तासा-दीड तासाला बाथरूम लागतं, गुडघेही दुखतात आणि बाहेरचं खाणं दोघांनाही सोसत नाही. म्हणून आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची, बाथरूमची सोय असलेलं चाकांवरचं घर) घ्यायचं चाललंय. मिस्टर म्हणतात क्लास सी मोटरहोम (व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं, स्वतः चालणारं घर) घेऊ. मला वाटतं आमची टोयोटा हायलँडर आहेच, तिच्यामागे ओढून न्यायचा राहण्याचा ट्रेलर लावू, खर्च निम्म्यावर येईल. गाडीचं टो रेटिंग (मागे ओढायच्या वजनाची मर्यादा) ५,००० पौंड आहे आणि आम्हाला आवडलेला ट्रेलर ३,९०० चा आहे, म्हणजे बसतंय ना?

उत्तर: नाही बसत ताई, आणि म्हणूनच तुमचं पत्र मी सगळ्यात आधी घेतलंय. ट्रेलरवर सही करायच्या आधी हायलँडरचा ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा, तिथे चौकटीवर टायरच्या माहितीचा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडाच्या वर जाऊ नका. हा पेलोड. गाडी मागे किती ओढू शकते हे वेगळं आणि स्वतःच्या अंगावर किती घेऊ शकते हे वेगळं, आणि विकणारा नेहमी पहिलाच आकडा सांगतो.

समजा स्टिकरवर १,४०० आहे. आता हिशोब बघा. ३,९०० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन, त्यात पाणी, प्रोपेनच्या टाक्या, बॅटरी, कुकर, पीठ-तांदूळ, पांघरुणं भरली की ४,७०० कुठेच गेले नाहीत (नुसतं ३० गॅलन पाणीच २५० पौंडांचं होतं). भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडावर) म्हणजे थेट तुमच्या गाडीच्या शेपटावर येतो, १२ टक्के धरले तरी ५६० पौंड. चार मोठी माणसं ६००, दोन मुलं कार सीटसकट १२०, डिकीतलं सामान १५०. झाले १,४३०! टो रेटिंगच्या आत असूनही गाडी ओव्हरलोड, आणि त्यात आजी-आजोबांपैकी कुणाला तरी तिसऱ्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन हजारेक मैल जायचंय.

मी हे स्वतः केलंय म्हणून कळकळीने सांगतो. आय-८० हायवेवर नेवाडात विनेमक्काच्या पुढे एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि माझा ट्रेलर डावीउजवीकडे झुलायला लागला, मागचा भाग दबलेला त्यामुळे पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या यंत्राचा) खटका हाताने हळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मला ते आठवलं म्हणून निभावलं, पण मागे बसलेल्या आईचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

आता मिस्टरांचं मोटरहोम. सासूबाईंसाठी ते सोयीचं आहे हे खरंच, पण चालत्या गाडीत उठून बाथरूमला जायचं नाही, एक जोरात ब्रेक लागला तर माणूस फेकला जातो, म्हणजे थांबावं दोन्हीत लागतं, मोटरहोममधून उतरावं लागत नाही एवढंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पावसात हा फरक फार मोठा असतो. (ट्रेलरमध्येच बसवून नेऊ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, कॅलिफोर्नियात चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणूस बसवणं बेकायदेशीर आहे.) मला काळजी तुमच्या मुलांची वाटते. क्लास सी मध्ये मुलं बसतात ती जेवणाच्या टेबलाच्या बाकांवर, आणि त्या बाकांखाली बऱ्याचदा लाकडी चौकट असते, गाडीच्या सीटसारखी मजबुती नसते. धाकट्याची कार सीट पुढे तोंड असलेल्या बाकावरच लावायची, आडव्या किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर अजिबात नाही, आणि वरचा पट्टा अडकवायला अँकर आहे का हे वाकून डोळ्यांनी बघा. झोपायची जागा आठ जणांची म्हणतात, तुम्ही सीट बेल्ट मोजा.

दुसरं ग्लेशियरचं. तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या मुख्य भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी जाऊ देत नाहीत. म्हणजे मोटरहोम खाली ठेवून शटल पकडायची. ट्रेलर असला की तो कॅम्पग्राउंडला सोडून गाडी मोकळी होते, दूध आणायलाही सगळा संसार गुंडाळावा लागत नाही. म्हणून माझा स्वतःचा कल ट्रेलरकडे आहे, पण तो हायलँडरमागे आणि सहा जणांना घेऊन नाही.

तुमच्यासाठी माझं मत असं की यंदा काहीच विकत घेऊ नका. सासूसासरे इथे असताना दोन आठवडे क्लास सी भाड्याने घ्या, सहा बेल्टची आणि कार सीटचा अँकर असलेली, आणि त्यावरच यलोस्टोन करा. वर्षातले पंधरा दिवस लागणाऱ्या गाडीसाठी हप्ते, इन्शुरन्स आणि स्टोरेजचं भाडं बाराही महिने भरायचं, आणि सोसायटीवाले म्हणजे एचओए ती दारात उभी करू देतील का हेही आधी विचारायला हवं. त्या ट्रिपमध्ये एक गोष्ट बघा, तुम्ही रोज मुक्काम हलवताय की एका जागी चारपाच दिवस रमताय. रमणारे असाल तर पुढे मोठ्या पेलोडचा पिकअप आणि ट्रेलर, रोज हलणारे असाल तर मिस्टर बरोबर. आणि कुकर न्याच, यलोस्टोन सातआठ हजार फुटांवर आहे, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

प्रश्न: डॅलसला एक २०१७ चा जुना ट्रेलर बघायला चाललोय, काय काय बघू?

उत्तर: जमलं तर पाऊस पडून गेल्यावर जा. कपाटं उघडून कुबट वास येतो का बघा, खिडक्यांखाली आणि कोपऱ्यांत भिंत अंगठ्याने दाबा, दाराजवळ आणि टॉयलेटशेजारी जमिनीवर जोर देऊन उभे राहा. कुठेही मऊ लागलं तर आत पाणी मुरलंय, सोडून द्या, ते दुरुस्त करण्यात पैसे बुडतात. छतावर चढून जोडांवरचं सीलंट तडकलंय का बघा. टायरवर DOT ही अक्षरं लिहिली आहेत तिथले शेवटचे चार आकडे वाचा, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, नक्षी नवी दिसली तरी ते टायर बदलायचेच, त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. आणि मालकाला सांगा की आदल्या रात्रीच फ्रिज चालू करून ठेवा, गॅसवरचा फ्रिज गार व्हायला सातआठ तास लागतात, तुमच्यासमोर चालू केला तर काहीच कळणार नाही.