उन्हाळ्यात वाइनची पहिली बाटली कुठली घ्यावी?

मे महिन्यात कडक रेडच्या नादी लागू नकोस. नाशिकची शेनिन ब्लां किंवा सोविन्यों ब्लां (दोन्ही हलक्या व्हाइट वाइन) घे, रोझे म्हणजे गुलाबी वाइनही चालेल. इगतपुरीजवळच्या व्हॅलोनेसारख्या छोट्या वायनरीची मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणून लेबलवरचं साल, म्हणजे तोडीचं वर्ष, बघ आणि ताजंच घे. अशा हलक्या व्हाइट ताज्याच गोड लागतात (गोड म्हणजे साखर नव्हे हं!). दुकानात उन्हाच्या काचेत उभी असलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नकोस. मी एकदा घेतली, शिजवलेल्या फळासारखी लागली. ८ ते १० अंशांवर प्यायची. घाई असेल तर बर्फाच्या पाण्यात अर्धा तास बुडव. सोबत तळलेले बोंबील. उरलेली फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपव.