‘संपूर्ण संरक्षणा’च्या जाहिरातीवर बंदी घालावी काय?

प्रश्न : ‘घराला संपूर्ण संरक्षण’ ही जाहिरात पाहून मी गृहविमा घेतला. भिंतीतून ओल झिरपून कपाटे खराब झाली तेव्हा कंपनीने पॉलिसीतील अपवादांवर बोट ठेवून दावा फेटाळला. अशा जाहिरातींवर बंदी का घालू नये?

उत्तर : गृहविमा हा मुख्यतः अचानक ओढवणाऱ्या आपत्तींसाठी असल्यामुळे हळूहळू झिरपणारी ओल, झीज आणि देखभालीअभावी होणारे नुकसान त्यातून सहसा वगळलेले असते. तेव्हा आपला दावा फेटाळणे कदाचित कराराला धरून असेलही. जाहिरातीविषयीची आपली तक्रार मात्र रास्त आहे.

बंदीने फारसे साधेल असे वाटत नाही, कारण एक विशेषण काढले की कंपन्या दुसरे शोधतात. शिवाय या जाहिराती उघड खोटे क्वचितच बोलतात. त्या अर्धेच सांगतात. मोठ्या अक्षरांतला अल्प हप्ता पुष्कळदा विम्याची रक्कम कमी धरल्यामुळे अल्प असतो. घर पुन्हा बांधण्याचा खर्च १०० असताना विमा ६०चाच असेल आणि नुकसान २०चे झाले, तर सरासरीचे कलम (विमा जितक्या प्रमाणात अपुरा, तितक्या प्रमाणात भरपाईही कमी करणारी अट) असलेल्या पॉलिसीत केवळ १२ मिळतात. हे सांगणारी जाहिरात निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून नियामकाने प्रकटनाची सक्ती करावी : ज्या जागी, ज्या भाषेत आणि ज्या ठळकपणे आश्वासन दिले जाते, तिथेच आणि तसेच प्रमुख अपवाद, विम्याची रक्कम आणि ग्राहकाने स्वतः सोसायचा वाटा सांगितला जावा. तळाशी बारीक टीप छापली म्हणजे माहिती दिली, असे मानू नये. तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांनाही हाच नियम हवा, आणि त्यांना कमिशन मिळत असल्यास तेही ग्राहकाला कळायला हवे.

नव्या ग्राहकाला सवलत दाखवून पुढे दर चढवायचा, या प्रथेवर तर जाहिरातीचे नियम पुरेच पडत नाहीत. ब्रिटनमधील नियामकाने १ जानेवारी २०२२पासून घर व वाहन विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी जुन्या ग्राहकाला तशाच नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावण्यास मनाई केली. तिथे आमिषाच्या मुळाशी असलेल्या दरालाच हात घातला गेला.

आपण जाहिरातीची प्रत जपून ठेवावी, कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि जाहिरातीविषयीची तक्रार दाव्याच्या वादात न मिसळता नियामकाकडे स्वतंत्रपणे पाठवावी.