वाचकांचे प्रश्न : गव्हाची मुळे आणि उपकारक बुरशी

प्रश्न : हुक्केरी तालुक्यात आमची काळ्या मातीची जमीन आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही खपली गहू पेरतो आणि अलीकडे काही क्षेत्रात सरबतीचा सुधारित वाणही घेतो. जुन्या गव्हांच्या मुळांशी मायकोरायझा बुरशीचे सख्य होते, पण बुटके आणि जास्त खत मागणारे वाण तयार करताना हा गुण नाहीसा झाला, असे एका मेळाव्यात ऐकले. हे खरे आहे का? खरे असल्यास त्याचे जनुक खपलीतून सरबतीत आणता येईल का?

उत्तर : गुण नाहीसा झालेला नाही. आपल्या खपलीच्या मुळांत ही बुरशी वसते, तशीच ती सरबतीच्या मुळांतही वसते. वाणावाणांत फरक आहे तो ती किती प्रमाणात वसते आणि तिच्यापासून पिकाला किती लाभ होतो, या दोन गोष्टींत, आणि या दोन गोष्टी एकच नाहीत.

हे सहजीवन चाळीस कोटी वर्षांहून जुने आहे. बुरशीचे तंतू मुळांवरील केसांपेक्षाही बारीक असतात आणि मूळ जिथवर पोहोचत नाही तिथून स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि जागचा फारसा हलत नाही, म्हणून ही मदत मोलाची ठरते. त्याच्या बदल्यात पीक आपण तयार केलेल्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के भाग बुरशीला देते. या अन्नात केवळ साखर नसते. बुरशीला स्वतःला स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) तयार करता येत नाहीत आणि ती तिला वनस्पतीकडूनच घ्यावी लागतात, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. मुळाच्या पेशीत स्निग्ध पदार्थ तयार करून बुरशीला पुरवणारी जनुके बिघडवली की बुरशीची वाढ खुंटते.

या देवघेवीआधी मुळाला बुरशीला बोलवावे लागते. स्फुरदाची टंचाई जाणवली की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे संप्रेरक मातीत सोडते आणि त्याने बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. बुरशीही रासायनिक इशारे पाठवते. ते मिळताच मुळाच्या पेशीकेंद्रात कॅल्शियमची पातळी ठरावीक लयीत वरखाली होऊ लागते, आणि ही लय वाचणारी प्रथिने पुढची जनुके चालू करतात. त्यानंतर बुरशी पेशीत शिरते, तिथे झाडासारखी फांद्यांची रचना उभी राहते आणि त्या रचनेभोवतीच्या पटलावर स्फुरद आत घेणारे खास वाहक प्रथिन बसवले जाते. भातात या वाहकाचे जनुक ओळखले गेले आहे आणि गव्हातही त्याची भावंडे आहेत. म्हणजे हा गुण अनेक जनुकांच्या साखळीवर उभा आहे. खपलीतून उचलून सरबतीत बसवावे असे एखादे ‘मैत्रीचे जनुक’ नाही.

बुटकेपणामुळे हा गुण गेला, ही समजूत मला विशेष खटकते. हरितक्रांतीत जगभर पसरलेली गव्हाच्या बुटकेपणाची मुख्य जनुके डेला नावाच्या प्रथिनांची आहेत. त्यांपासून बनणारी बदललेली प्रथिने जिबरेलिन या संप्रेरकाच्या वाढ-आदेशाला दाद देत नाहीत, म्हणून ताट आखूड राहते. पण डेला प्रथिने मुळांमध्ये बुरशीची ती फांद्यांची रचना घडण्यासाठी आवश्यक असतात. शिंबावर्गीय वनस्पतींमध्ये ती काढून टाकली असता रचना नीट घडली नाही. तेव्हा केवळ ताट आखूड आहे म्हणून वाणाला या बाबतीत दोषी धरणे शास्त्राला धरून नाही.

मेळाव्यातील विधान निराधार मात्र नव्हते. अमेरिकेतील कॅन्सस येथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांत काही जुन्या गव्हांना या बुरशीचा नव्या वाणांपेक्षा अधिक लाभ झालेला दिसला. पुढे २०१२ मध्ये तीस वर्षांतील अनेक पिकांचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा पैदाशीमुळे पिकांनी ही क्षमता गमावली असे आढळले नाही. शिवाय ‘लाभ’ मोजण्यातच एक मेख आहे. बुरशी असताना आणि नसताना पीक किती वाढले, याचा फरक म्हणजे लाभ. ज्या वाणाची स्वतःची मुळे कमजोर असतात तो बुरशीविना फारच खुरटतो, म्हणून त्याचा लाभ मोठा दिसतो. असा वाण शेतकऱ्याच्या कामाचा असेलच असे नाही.

गव्हाचे आनुवंशशास्त्र या सर्वांत भर घालते. सरबती गव्हात तीन पूर्वजांची गुणसूत्रे एकत्र आहेत, एकूण ४२; खपली आणि बन्सी या गव्हांत दोन पूर्वजांची, एकूण २८. त्यामुळे सरबतीत बहुतेक जनुकांच्या तीन प्रती असतात आणि एक प्रत बिघडवली तरी उरलेल्या दोन तिचे काम सांभाळतात. भाताच्या जनुकसंचात सुमारे ४० कोटी अक्षरे (डीएनएचे घटक) आहेत, तर २०१८ मध्ये जवळजवळ पूर्ण वाचला गेलेला गव्हाचा जनुकसंच सुमारे १६०० कोटी अक्षरांचा आहे. साहजिकच बहुतेक मूलभूत ज्ञान भातातून आले आणि गव्हात वेगळी वाट धरावी लागली : अनेक वाणांच्या मुळांत बुरशी किती वसली ते मोजायचे आणि तो फरक गुणसूत्रांच्या कोणत्या भागांशी जुळतो ते पाहायचे. २०१७ मध्ये सरबती वर्गाच्या नव्वदहून अधिक वाणांवर आणि २०१८ मध्ये बन्सी वर्गाच्या शंभराहून अधिक वाणांवर असे काम झाले. दोन्ही वेळा एकच ठळक जागा न सापडता निरनिराळ्या गुणसूत्रांवर लहानलहान परिणाम करणारे अनेक भाग सापडले.

पैदासकार या गुणाकडे वळत नाहीत याचे एक साधे कारण आहे. मुळे उपटायची, धुवायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, हे हजारो रोपांसाठी करणे अवघड असते. जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २०१८ मध्ये रानटी तंबाखूच्या पानांत असे रासायनिक पदार्थ दाखवले की ज्यांचे प्रमाण मुळांतील बुरशीनुसार वाढते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातील वाचकांना याचे विशेष वाटेल. पानांवरून निवड करण्याचा हा मार्ग गव्हात रुळला, आणि निवडीची शेते स्फुरदाने भरलेली न ठेवता मध्यम ठेवली, तर या गुणाकडे लक्ष देऊन वाण निवडता येतील. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके १०२५ आणि डीडीके १०२९ यांसारखे खपलीचे सुधारित वाण दिले आहेत. अशा वाणांची जुन्या खपलीशी या दृष्टीने तुलना व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : बेळगाव तालुक्यात आम्ही कोबीनंतर गहू घेतो आणि पेरताना डीएपी हे स्फुरदयुक्त खत देतो. दुकानात मिळणारी मायकोरायझाची पावडर वापरावी का?

उत्तर : आधी डीएपीचे पाहू. पिकाला स्फुरद पुरेसा मिळाला की सहजीवनाची जनुके चालू करणारे प्रथिन अडवले जाते, हे २०२१ आणि २०२२ मध्ये भातावरील कामातून कळले. मग रोप बुरशीला बोलावतच नाही. म्हणून भरपूर डीएपी आणि पावडर या दोन्हींवर एकाच वेळी खर्च करणे मला पटत नाही. माती परीक्षण करून घ्यावे आणि स्फुरद जितका कमी पडतो तितकाच द्यावा.

दुसरी बाब कोबीची. कोबी, फुलकोबी, मोहरी यांच्या कुळाने या सहजीवनाची जनुकेच उत्क्रांतीत गमावली आहेत. त्यांच्या मुळांत ही बुरशी वसत नाही आणि पिकाच्या काळात मातीतील तिचा साठा घटतो. पाणी साचलेल्या भातखाचरातही तिची वाढ कमी होते. गव्हाआधी सोयाबीन, मूग किंवा मका घेतल्यास साठा टिकतो आणि पावडरीची गरजच उरत नसावी. कोबीनंतरच गहू घ्यायचा असेल, तर आधी चार सऱ्यांत पावडर घालून आणि शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवून उतारा तोलून पाहावा.

प्रश्न : घरचे खपलीचे बी ठेवले तर बुरशीही त्यासोबत येते का? (अथणी तालुका)

उत्तर : नाही. ही बुरशी दाण्यातून पुढच्या पिढीत जात नाही. तिचे बीजाणू आणि तंतू मातीत व जुन्या मुळांच्या तुकड्यांत राहतात, आणि जिवंत मुळाविना तिला आपले जीवनचक्र पूर्ण करता येत नाही. म्हणून शेत उन्हाळ्यात वारंवार खोल नांगरण्यापेक्षा मशागत कमी ठेवावी, म्हणजे तंतूंचे जाळे तुटणार नाही.