वाचक विचारतात : सगळे छपरावर का पळाले?

प्रश्न : मुलाला जुनी कार्टून लावून देत होतो त्यात ड्रूपीचं, म्हणजे त्या पडक्या चेहऱ्याच्या कुत्र्याचं, एक निघालं. बर्फातला दारूचा गुत्ता, मागून एक जण सगळी गोष्ट यमकात सांगतोय, लांडगा पायाला थडगं अडकवून आत येतो आणि मग सगळी गर्दी अचानक छपरावर पळते. मुलगा हसून लोळला, मी नुसता बघत बसलो. ही काय भानगड आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, ते 'द शूटिंग ऑफ डॅन मॅगू', १९४५ चं, एमजीएम स्टुडिओचं, दिग्दर्शक टेक्स अ‍ॅव्हरी. आणि यमकं त्यांनी उगाच घातलेली नाहीत, रॉबर्ट सर्व्हिसची 'द शूटिंग ऑफ डॅन मॅग्रू' म्हणून एक कविता आहे, १९०७ च्या संग्रहातली, तिचं हे विडंबन. मूळ कवितेत कॅनडाच्या उत्तरेकडच्या युकॉनमधलं मालाम्यूट सलून आहे (सलून म्हणजे आपलं केस कापायचं नव्हे, दारू प्यायचं), बाहेर शून्याखाली पन्नास, आत पत्ते आणि पियानो, आणि एक मळकट खाणवाला धडपडत आत येतो. त्याचं वर्णन काय, तर एक पाय थडग्यात असलेला आणि अंगात उवेएवढीही ताकद नसलेला माणूस. म्हणजे आपल्याकडे म्हणतात ना, गोवऱ्या मसणात गेल्या, तसं. अ‍ॅव्हरीने काय केलं, शब्द जवळजवळ तेच ठेवले आणि लांडग्याच्या पायाला खरंच थडगं लावून दिलं, बस्स.

लगेच पुढच्याच ओळीत तो खाणवाला सोन्याची भुकटी बारवर ओततो आणि अख्ख्या हाउसला दारू पाजतो, हाउस म्हणजे तिथे जमलेली मंडळी. कार्टूनमध्ये त्याचं झालं 'ड्रिंक्स ऑन द हाउस'. आता ऑन द हाउस म्हणजे इंग्रजीत फुकट, पण शब्दशः घेतलं तर घरावर, म्हणून सगळे छपरावर! मराठीत कुणी 'तोंडचं पाणी पळालं' म्हटलं आणि चित्रात पाण्याला पाय फुटून ते दाराबाहेर सुटलं तर कसं वाटेल, तसलाच हा प्रकार. तुमच्या मुलाला कविता माहीत असायची गरजच नव्हती, थडगं ओढत चालणारा लांडगा तसाही हसवतोच, पण मागचा आवाज किती गंभीरपणे म्हणतोय ते ऐकत बघा, खरी गंमत तिथे आहे असं माझं मत. तो निवेदक एकदा जरी हसला असता ना, तर सगळं फुस्स झालं असतं.

आणि हो, अ‍ॅव्हरीचा या कवितेवर हा दुसरा हात. १९३९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे असताना त्याने 'डेंजरस डॅन मॅकफू' केलं होतं, त्यातल्या छोट्या कुत्र्याला आर्थर ब्रायनने जो बोबडा आवाज दिला तोच पुढे एल्मर फडचा, म्हणजे बग्ज बनीच्या मागे लागणाऱ्या शिकाऱ्याचा, झाला. पण बघायचं तर ४५ चंच बघा, त्यात ड्रूपी आहे आणि रेड नावाची बाई नाचायला आली की लांडगा जो काही वेडा होतो तो आहे.

प्रश्न : हा कवी स्वतः सोनं शोधायला गेला होता का? – तीच वाचक मंडळी, चिरंजीवांच्या वतीने

उत्तर : नाही हो, बँकेत कारकून होता! युकॉनमधल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं १८९६ मध्ये आणि १८९९ पर्यंत बरेचसे लोक तिथून पांगलेसुद्धा, हा तिथल्याच व्हाइटहॉर्स गावच्या बँकेच्या शाखेत पोचला १९०४ ला, म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात. ऐकीव गोष्टींवरच त्याने हे सगळं रचलं, आणि पुस्तक इतकं खपलं की पुढे नोकरीच सोडली पठ्ठ्याने. कवितेचा शेवट बघाल तर तोही काही फार गंभीर नाही, दिवे जातात, गोळ्या सुटतात, दोघं मरून पडतात, आणि मेलेल्या खाणवाल्याचं चुंबन घेता घेता लू नावाची बाई त्याची सोन्याची थैली लांबवते. अ‍ॅव्हरीला अर्धं काम तयारच मिळालं होतं.