मराठवाड्यात कोरडवाहू शेती आहे. मृगाची एक सर पडली, पुढचा भरवसा नाही. पेरावं की थांबावं?

थांबा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. कृषी विभागही हेच सांगतो. शेजाऱ्याचं पेरणीयंत्र सुरू झालं की जीव खालीवर होतो, कबूल. पण दुबार पेरणीचं बियाणं तो देणार नाही!

तोवर घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. 70 उगवले तर नेहमीचं प्रमाण पुरे, कमी उगवले तर बियाणं थोडं वाढवा. पाऊस झाल्यावरही सगळं रान एकाच दिवशी उरकू नका. आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याच, पावसाचा खंड पडला तरी तूर तग धरते. मूग-उडीद मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नको.