फोनच्या फुटलेल्या स्क्रीनमधून इरिडियम काढता येईल का?

तुम्ही विचारलंय, फोनच्या अ‍ॅमोलेड (म्हणजे ओएलईडी प्रकारच्या) स्क्रीनमध्ये इरिडियम हा महागडा, जड धातू असतो हे खरं का, आणि असेल तर फुटलेल्या स्क्रीन गोळा करून ते काढणं परवडेल का. असतं, हे खरं. काढायच्या नादाला मात्र लागू नका.

मी रबाळ्याला एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे आणि भाच्याचं कोपरखैरण्याला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि त्याच्याकडच्या फुटक्या डिस्प्लेच्या खोक्यासमोर बसून बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. स्क्रीन साधारण १०० चौरस सेंटिमीटर, प्रकाश देणारा थर ३० नॅनोमीटर जाड. सगळ्या थराचं वजन मिलिग्रॅमच्या एक तृतीयांशाच्या आसपास. त्यात इरिडियमचं कॉम्प्लेक्स (धातूच्या अणूभोवती सेंद्रिय रेणू जोडलेलं संयुग) ८ टक्के धरा, आणि कॉम्प्लेक्समध्ये इरिडियम ३० टक्क्यांच्या आत. म्हणजे एका स्क्रीनमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भागही नाही, आणि स्क्रीनवरच्या रंगीत ठिपक्यांमधली (पिक्सेलमधली) रिकामी जागा मी वजा केलेलीच नाही. एका ग्रॅमला किमान सव्वा लाख स्क्रीन! त्यापेक्षा इरिडियमवाल्या स्पार्क प्लगच्या टोकाला कितीतरी पट जास्त माल असतो. भाचा म्हणाला, "मामा, मग खोकं भंगारवाल्यालाच देऊन टाकतो."

मग एवढ्याशा इरिडियमचा उपयोग काय? कामाला येतं ते त्याच्या अणूचं जडपण.

१९८७ मध्ये कोडॅक कंपनीतले संशोधक टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १० व्होल्टच्या आत चालणारा ओएलईडी दाखवला, तो अ‍ॅल्युमिनियमच्या कॉम्प्लेक्सवर. केमिस्ट्रीवाल्यांना ते परकं नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या द्रावणात ऑक्सिन (एक सेंद्रिय रसायन) टाकून प्रॅक्टिकलला पिवळा प्रेसिपिटेट, म्हणजे साका, पाडतात ना, तोच. आमच्या लॅबमधल्या यूव्ही दिव्याखाली धरला की पोपटी चमकतो. घरी आलेल्यांना मी अजून हाच खेळ दाखवतो.

पण या पदार्थाला एक खोट होती. वीज दिली की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांच्या जोड्या जुळतात. चारातली एकच जोडी सिंगलेट, म्हणजे सरळ प्रकाश देऊन मोकळी होणारी. उरलेल्या तीन ट्रिपलेट. त्यांना स्पिनच्या (इलेक्ट्रॉनच्या एका अंगभूत गुणाच्या) नियमामुळे प्रकाश द्यायची जवळजवळ मनाई, त्यामुळे त्यांची ऊर्जा उष्णतेत वाया जायची. इरिडियम, प्लॅटिनमसारखा जड अणू मध्ये बसला की ही मनाई ढिली पडते आणि त्या तिघींचाही प्रकाश हाती येतो. १९९८ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन या अमेरिकी संशोधकांच्या गटांनी प्लॅटिनम वापरून लाल प्रकाश मिळवला, पुढच्याच वर्षी इरिडियमने हिरवा.

अडलं ते निळ्यापाशी. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते. ट्रिपलेट आपली ऊर्जा मायक्रोसेकंदांपर्यंत धरून बसतात, तेवढ्यात दोन एकमेकांना भिडले की एकाच्या वाट्याला दुप्पट ऊर्जा येते आणि रेणूतला बंध तुटतो. म्हणून फोनमध्ये लाल-हिरवा जड धातूंचा असतानाही निळा बरीच वर्षं जुन्याच पद्धतीचा राहिला. आणि तरीही आधी थकतो तो निळाच.

परवा दुकानात एक कॅबवाला आपला फोन दाखवायला घेऊन आला होता. मॅप बंद केला तरी स्क्रीनच्या खालच्या बाजूला मॅपची पांढरी पट्टी होती तिथे पिवळट डाग दिसत होता. दिवसभर उजळलेल्या पट्टीतला निळा झिजला, की पांढरं पिवळं दिसणारच. भाच्याने नव्या डिस्प्लेचा भाव सांगितला. कॅबवाला म्हणाला, "रस्ता दिसतोय ना? मग राहू दे," आणि फोन उचलून गेला.